पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार : श्रद्धा, सत्ता आणि ख्रिस्तसभा

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या धर्मग्रामांतून निघते ते बहुधा केडगावच्या मुक्तिसदनाच्या संदर्भात. अनाथांची माय, विधवांची कैवारी, बायबलची भाषांतरकार ही त्यांची रूपे आपल्याला ठाऊक आहेत आणि ती वंदनीयही आहेत. परंतु श्रद्धा, राज्यसत्ता आणि ख्रिस्तसभेचा अधिकार यांविषयी सातत्याने चिंतन करणारी आणि ते चिंतन निर्भयपणे शब्दांत मांडणारी लेखिका म्हणून त्यांचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. तो करावयाचा तर दोन ग्रंथ हाताशी असावे लागतात. पहिला म्हणजे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार; आणि दुसरा म्हणजे १९०७ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेली आपल्या श्रद्धेची साक्ष. पहिल्यात नवदीक्षित तरुण विधवेचे झगडणे आहे, दुसऱ्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरील स्त्रीचे स्थिरावलेले मन आहे. हे दोन्ही ग्रंथ एका कॅथोलिक वाचकाने एकत्र वाचले असता कोणते प्रश्न उभे राहतात, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. रमाबाईंना 'इव्हँजेलिकल' ख्रिस्ती म्हटले जाते. या शब्दाने प्रॉटेस्टंट परंपरेतील एक विशिष्ट वृत्ती सूचित होते. व्यक्तीचे अंतःकरणपूर्वक परिवर्तन, बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, क्रुसावरील बलिदानावर भिस्त आणि शुभवर्तमान दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याची तळमळ ही तिची लक्षणे होत. आज आपल्या गावांतून ज्यांना लोक 'बिलीव्हर' म्हणतात, त्यांच्या प्रार्थनासभांचा वंशवृक्ष याच वृत्तीपाशी पोहोचतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी त्या सभांकडे वळलेले आहे. एकाच घरातील भावंडे नाताळच्या मिस्साला एकत्र जात नाहीत, आईच्या पुण्यस्मरणाच्या मिस्साला मुलगा बाहेर उभा राहतो, अशी दुःखे आपल्याला अपरिचित नाहीत. तेव्हा रमाबाईंचे मन समजून घेणे हा केवळ वाङ्मयीन अभ्यासाचा विषय राहत नाही.

चरित्राची रूपरेषा येथे थोडक्यात पुरे. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात जन्म. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडून आईला आणि आईकडून मुलीला मिळालेली संस्कृत विद्या. दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी भ्रमंती. १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह आणि १८८२ च्या आरंभी आलेले वैधव्य. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पत्रव्यवहाराचे खरे नाट्य येथून सुरू होते.

आजीबाई आणि पंडिता

या पत्रांतील दुसरी प्रमुख व्यक्ती म्हणजे सिस्टर जेराल्डीन. वाँटेजच्या या धर्मभगिनीने रमाबाईंना धर्मशिक्षण दिले आणि पुढे मनोरमेचा सांभाळही केला. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्राच्या मायन्यात हा मराठी शब्द पुनःपुन्हा भेटतो, तेव्हा वादाची धार एकदम कमी झाल्यासारखी वाटते आणि पुढच्याच परिच्छेदात ती पुन्हा चढते. प्रेम आणि विरोध एकाच कागदावर नांदतात, हे या पत्रांचे पहिले वैशिष्ट्य होय.

वादाचे विषय वरवर क्षुल्लक दिसतात. अंडे घातलेले पक्वान्न रमाबाई खात नाहीत. सिस्टरांना यात जुन्या जातीचा अभिमान दिसतो. रमाबाईंचे उत्तर मार्मिक आहे. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहावयास गेली आणि तिने आपली निरुपद्रवी रीत सोडली नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असा त्यांचा आशय आहे. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरावीत की नाहीत, यावरही मतभेद होतो. जी भाषा आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशभगिनींनाही कळणार नाही, ती क्रुसावर कशासाठी, असे रमाबाई विचारतात. अक्षरे हवीच असतील तर ती संस्कृतात असोत, तीही संस्कृत पवित्र देवभाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. उपासनेत लोकभाषेला स्थान देणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला. रमाबाईंचा प्रश्न त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधीचा आहे. धर्म स्वीकारणे म्हणजे दुसऱ्याची थाळी आणि दुसऱ्याची लिपी स्वीकारणे नव्हे, हे त्यांना उमगले होते. लुगडे, दागिने आणि लग्नातील गाणी जपून ठेवणाऱ्या वसईच्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

थाळी आणि लिपी यांहून मोठा वाद अधिकाराचा होता. रमाबाई शेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची संधी देण्याचा विचार केला. मुंबई आणि लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी त्याला हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानातील स्त्रियांवरील रमाबाईंचा प्रभाव नष्ट होईल, असे त्यांना वाटले. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितसभेत आणि पुण्याच्या सभांतून पुरुषांसमोर भाषणे केली, तिच्या मर्यादांविषयीचा निर्णय तिला न विचारता परस्पर व्हावा, हे रमाबाईंना अपमानास्पद वाटले आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, दुसरे तसेच जोखड मानेवर घेण्यास मी तयार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाकडेही गहाण ठेवणार नाही, ही त्यांची भूमिका पत्रागणिक ठाम होत जाते.

सिद्धांताच्या बाबतीतही त्यांनी अशीच सत्यनिष्ठा दाखविली. या काळात पवित्र त्रैक्याविषयी त्यांना शंका होत्या आणि अथानासियसच्या विश्वासांगीकाराला मान डोलावणे त्यांना शक्य नव्हते. सोयीसाठी मान डोलावून मोकळे होणे त्यांना सहज जमले असते. इंग्लंडमधील त्यांचा आणि मुलीचा निर्वाह त्या धर्मभगिनींच्याच आधारावर चालला होता. ते त्यांनी केले नाही. आपण एका विशिष्ट पंथाच्या नव्हे, तर ख्रिस्ताच्या सार्वत्रिक सभेच्या घटक आहोत, असे त्या म्हणत राहिल्या. 'कॅथोलिक' या शब्दाचा मूळ अर्थच सार्वत्रिक असा आहे, हे येथे आपल्याला आठवल्यावाचून राहत नाही.

मठाचे ऋण

रमाबाईंच्या या बाण्यावर आधुनिक अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. वसाहतवाद, पुरुषसत्ता आणि धर्मसत्ता यांच्याविरुद्ध एकाकी झुंज देणारी स्त्री, असे त्यांचे चित्र त्यातून उभे राहते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यात एक गोष्ट निसटते आणि ती कॅथोलिक वाचकाच्या नजरेतून निसटू नये.

रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेले ते एका मठाने. वाँटेजचा हा धर्मसंघ १८४८ साली, इंग्लंडमधील चर्चला प्राचीन कॅथोलिक वारशाची आठवण करून देणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रेरणेतून जन्मला. ज्या चळवळीतून जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये आपल्या सभेत आले, तिचेच हे दुसरे अपत्य. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे 'पतित' मानलेल्या स्त्रियांसाठी सेवाकेंद्र होते. रमाबाई साक्षीत सांगतात की, ते काम पाहून त्या स्तिमित झाल्या. ज्या स्त्रियांना आपल्या समाजाने कुत्र्यांपुढे टाकण्याच्या लायकीचे मानले असते, त्यांची सेवा या कुलीन स्त्रिया का करतात? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली आणि त्यांच्या मनाचे दार उघडले. बुद्धीच्या शंका दूर करण्यास ज्यांच्या लेखनाचे साहाय्य झाले ते फादर नीलकंठशास्त्री गोरे हेही याच उच्चचर्चीय परंपरेतले.

याचा अर्थ असा की, व्रतस्थ जीवन, नियम, आज्ञापालन आणि सामूहिक उपासना यांच्या आधारावर उभ्या असलेल्या संस्थेनेच त्यांना ख्रिस्ताचे दर्शन घडविले. ज्या झाडाचे फळ त्यांनी चाखले, त्या झाडाच्या खोडाविषयी मात्र त्या साशंक राहिल्या. धर्माधिकार म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुरोहिताचा जुलूम. लहानपणापासून तीर्थक्षेत्री जे पाहिले, त्यानंतर हे स्वाभाविक होते. पण विश्वासाचा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या जपणारा अधिकार आणि माणसाला दडपणारी सत्ता यांत फरक असतो, आणि तो त्यांच्या पत्रांतून पुरेसा उमटत नाही. संस्कारांविषयी, विशेषतः प्रभुभोजनाविषयी, त्या फारच थोडे बोलतात. हे त्यांच्या चिंतनातील खरे उणेपण आहे.

परंतु हे उणेपण दाखविताना आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. जुलूम आणि अधिकार यांतील फरक त्यांना दिसला नाही, कारण समोरच्यांनी तो दिसू दिला नाही. बिशपांनी निर्णय घेतला, पण तिला बोलावून विचारले नाही. श्रेष्ठत्वाची भावना आणि धर्मनिष्ठा यांची सरमिसळ झाली की अधिकार असाच वागतो, मग तो कोणत्याही पंथाचा असो. आपल्या सभेने मानवी सदसद्विवेकाचे आणि धर्मस्वातंत्र्याचे पावित्र्य ७ डिसेंबर १९६५ च्या जाहीरनाम्यात घोषित केले. २०२१ ते २०२४ या काळात झालेल्या सिनडमध्ये प्रापंचिकांचे, विशेषतः स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेण्यावर भर दिला गेला. 'मला आधी विचारा' हेच रमाबाईंचे मागणे होते. हे वाचताना आपल्या धर्मग्राम परिषदांची आठवण झाली, तर तो दोष वाचकाचा नव्हे.

सिस्टर जेराल्डीन यांच्याविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. त्यांच्या पत्रांत गुरुत्वाचा ताठा आहे, क्वचित वंशश्रेष्ठत्वाचा दर्पही आहे. तथापि ही पत्रे जपली आणि संकलित केली ती त्यांनीच. स्वतःविरुद्धचा पुरावा एवढ्या निष्ठेने सांभाळणाऱ्या व्यक्तीची सत्यावरील निष्ठा मान्य करावीच लागते. ती पत्रे त्यांनी जाळली असती, तर आज रमाबाईंची बाजू आपल्याला कळलीच नसती.

दोन बाजूंची टीका

रमाबाईंचा राजकीय विचार वेगळ्या ग्रंथात मांडलेला नाही. तो त्यांच्या कृतीत आणि प्रवासवर्णनात विखुरलेला आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक मराठी प्रवासवाङ्मयात फार मोलाचे आहे. त्यात शासनपद्धती, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय कार्ये, स्त्रियांची स्थिती यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. जेथे राजा नाही, तेथे लोक कसे एकत्र येतात, स्त्रिया संघटना कशा चालवितात, हे त्या कुतूहलाने पाहतात. त्याच वेळी तेथील वर्णद्वेषाकडे त्या डोळेझाक करीत नाहीत. इंग्रजांच्या राज्यात बसून प्रजासत्ताकाचे गुण मराठीत सांगणे हे राजकीय लेखनच होते. १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनास त्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या.

त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढे ते पुण्यास हलले. तेथे कोणावर धर्म लादावयाचा नाही, पण स्वतःची प्रार्थना लपवावयाचीही नाही, अशी रमाबाईंची रीत होती. प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलीला यावेसे वाटे ती येई. हे उघडे दार दोन्ही बाजूंना खुपले. काही मिशनऱ्यांना ही धर्मप्रसारातील कुचराई वाटली, तर पुण्याच्या वृत्तपत्रांना त्यात धर्मांतराचा कट दिसला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही सल्लागार मंडळ सोडले.

चारच वर्षांनी, १८९७ च्या प्लेगमध्ये, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात सरकारी प्लेगव्यवस्थेवर आणि तीत तरुण स्त्रियांच्या अब्रूची जी हेळसांड होत होती तिच्यावर कडक टीका केली. मुंबई सरकारला ती झोंबली. ज्यांच्यावर परकीयांच्या हस्तक असल्याचा आरोप होता, त्याच स्त्रीने परकीय आणि स्वधर्मीय राज्यकर्त्यांना जाब विचारला. धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर, हा आक्षेप आजही आपल्या कानांवर येतो. त्याचे उत्तर घोषणांनी देता येत नाही. रमाबाईंनी ते दिले ते असे. ज्याचा धर्म आपला, त्याचा अन्यायही आपला, असे त्यांनी मानले नाही. आपल्या पंथाचा, आपल्या गावचा किंवा आपल्या संस्थेचा माणूस चुकला की गप्प बसणाऱ्या आपल्या समाजाने यावरून काही शिकण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्त

१९०७ च्या साक्षीत रमाबाई एक मार्मिक भेद करतात. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता, असे त्या सांगतात. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन वाचून त्यांच्या जीवनाला वळण मिळाले. इव्हँजेलिकल श्रद्धेचा गाभा तो हाच. या पुस्तकातील सर्वांत हृद्य भागही हाच. येथे वाद संपतो आणि शरणागती सुरू होते. त्रैक्याविषयीच्या शंका आता मागे पडलेल्या असतात. वादात कोणी जिंकल्यामुळे त्या मिटल्या नाहीत. प्रार्थनेत त्या हळूहळू विरल्या.

या भेदाला कॅथोलिक वाचकाचे उत्तर काय असावे? धर्म आणि ख्रिस्त यांची फारकत आपल्याला मान्य होणार नाही. ख्रिस्त आपल्याला भेटतो तो त्याच्या सभेत आणि संस्कारांत. पण संस्कार मिळूनही भेट न घडणे शक्य आहे, हे कोण नाकारील? बाप्तिस्मा, पहिले ख्रिस्तप्रसादग्रहण, दृढीकरण, लग्न हे सारे टप्पे वेळेवर पार पडले आणि फोटोंचे अल्बम भरले, तरी अंतःकरण कोरडे राहू शकते. आपली तरुण मंडळी प्रार्थनासभांकडे जातात, ती पुष्कळदा या कोरडेपणामुळे. त्यांना हिणवून किंवा त्यांच्या घरच्यांना वाळीत टाकून तो कोरडेपणा जात नाही.

१९०५ मध्ये मुक्तिसदनात जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात शेकडो मुली अश्रू ढाळीत, मोठ्याने प्रार्थना करीत असत. रमाबाईंनी त्यावर दडपण आणले नाही आणि तो अनुभव सर्वांवर लादलाही नाही. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातून कॅथोलिक करिस्मॅटिक चळवळ सुरू झाली आणि यथावकाश आपल्याकडेही पोहोचली. पवित्र आत्म्याच्या वाऱ्याला पंथांच्या भिंती अडवीत नाहीत, एवढे यावरून दिसते.

साक्षीतील एक बाजू मात्र आज खटकते. हिंदू धर्माविषयी लिहिताना रमाबाईंना पुरी, काशी, वृंदावन येथील विधवांचे हाल दिसतात आणि त्यांचा संताप न्याय्य आहे; पण ज्या परंपरेने त्यांच्या वडिलांना पत्नीला शिकविण्याचे धैर्य दिले, ज्या भक्तीने महाराष्ट्राच्या घराघरांत देवाचे नाव पोहोचविले, तिच्याविषयी त्यांच्या हातून चार चांगले शब्द लिहिले जात नाहीत. इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र ते न नाकारणारी २८ ऑक्टोबर १९६५ ची व्हॅटिकन परिषदेची घोषणा आपल्या हाती आहे. त्यांच्या हाती ती नव्हती.

सोप्या मराठीचा ध्यास

लेखिका म्हणून रमाबाईंचा प्रवास शैलीतही दिसतो. 'स्त्रीधर्मनीति'ची भाषा संस्कृतप्रचुर आणि उपदेशपर आहे. प्रवासवृत्तात ती मोकळी होते. अखेरची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या भाषांतरात घालविली आणि तेथे त्यांनी हेतुतः साधी मराठी निवडली. खेड्यातील कमी शिकलेल्या बाईला कळेल असे शब्द हवेत, आणि ज्या संस्कृत शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटल्या आहेत ते टाळावेत, अशी त्यांची दृष्टी होती. मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुलींच्या हातून छापले गेलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या होत्या. मनोरमा त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'शी तुलना केली तर हा विरोध बोलका आहे. परदेशी जेझुइटाने ओवी आणि पुराण यांचा वारसा आनंदाने उचलला. संस्कृतात वाढलेल्या ब्राह्मणकन्येने तो सावधपणे दूर ठेवला. स्टीफन्स यांची रसवत्ता रमाबाईंच्या भाषांतरात नाही, हे मान्य केले पाहिजे; काही ठिकाणी ते फार रुक्ष होते. पण ज्ञानाची किल्ली मूठभरांच्या कमरेला असू नये, हा क्रुसावरील लॅटिन अक्षरांच्या वेळचाच आग्रह येथे फळाला आला आहे.

शेवटी एक विसंगती नोंदविली पाहिजे. संस्थेविषयी साशंक असलेल्या रमाबाईंनी स्वतः एक मोठी संस्था उभारली. तेथे घंटा होती, दिनक्रम होता, कामाची वाटणी होती आणि रमाबाईंचा शब्द शेवटचा होता. ती संस्था आजही केडगावी चालू आहे. स्वातंत्र्यालाही घर लागते, हे त्यांच्या लेखणीने सांगितले नाही. त्यांच्या हातांनी सांगितले. आणि घराला उघडे दार लागते, हे त्यांनी दोन्हींनी सांगितले. आपली सभा घर आहे, यात आपल्याला शंका नाही. आपल्यातून निघून गेलेल्या भावाबहिणींशी बोलताना दार उघडे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक कुटुंबाची आणि प्रत्येक धर्मग्रामाची आहे. हा पत्रव्यवहार अद्याप ज्यांनी वाचला नसेल, त्यांनी तो अवश्य मिळवून वाचावा. आणि धर्मगुरू व प्रापंचिक यांनी तो एकत्र बसून वाचला तर अधिक चांगले.